अळीच्या पेशीतलं माणसाचं विकर

‘अळीच्या पेशीत माणसाचं विकर वाढवायचं, त्यात औषध टाकायचं आणि म्हणायचं की माणसाच्या शरीरात हेच होतं. हे कसलं शास्त्र?’ औषधांच्या सुरक्षिततेवर बोलणं निघालं की हा सवाल हमखास येतो. विचारणारे अडाणी नसतात. त्यांत विज्ञानाचे पदवीधर असतात, वैद्यकी करणारे असतात, चळवळीत आयुष्य घातलेले कार्यकर्ते असतात. मी जालना जिल्ह्यातल्या मंठ्यात औषधांचं दुकान चालवतो. हा आक्षेप ज्या ठामपणे मांडला जातो, तितक्याच ठामपणे त्याचं उत्तर द्यायला हवं, म्हणून हा लेख.

आक्षेप चार आहेत. पहिला असा की अळीच्या, माकडाच्या किंवा हॅमस्टरच्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. दुसरा असा की शरीर एकसंध असतं, त्यातलं एक विकर बाजूला काढून ते कळत नाही. त्यापेक्षा उंदीर-कुत्र्यासारखं अख्खं जिवंत जनावर बरं. तिसरा, ही विकरं परदेशी माणसांच्या जनुकांवरून केलेली, आमच्या शरीराशी त्यांचा काय संबंध? आणि चौथा, हा खटाटोप रासायनिक गोळ्यांसाठी ठीक आहे, निसर्गातून आलेल्या औषधाला त्याची गरज नाही. चारही आक्षेपांत सत्याचा अंश आहे. पण त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष, की हे काम गंभीरपणे घेऊ नये, साफ चुकीचा आहे. आणि या चुकीची सर्वांत जास्त किंमत मोजतं ते मंठ्यासारखं गाव.

आधी प्रयोग काय असतो ते पाहू. आपण गिळलेली बहुतेक औषधं शरीराला जशीच्या तशी बाहेर टाकता येत नाहीत. ती पाण्यात विरघळतील अशा रूपात आणावी लागतात. हे काम मुख्यतः यकृतातली आणि आतड्याच्या अस्तरातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, करतात. सायटोक्रोम पी-४५० हे त्यांतलं सर्वांत मोठं घराणं. माणसात त्याची ५७ जनुकं आहेत, पण औषधांचा बहुतेक भार मोजकीच विकरं उचलतात: सीवायपी ३ए४, २डी६, २सी९, २सी१९, १ए२ आणि आणखी काही. यकृताच्या तुकड्यात ही सगळी एकत्र नांदतात, त्यामुळे कोणतं विकर कोणतं औषध मोडतं हे तिथे वेगळं काढणं अवघड जातं. म्हणून एका विकराचं जनुक घ्यायचं, ज्या पेशीत ते विकर मुळात नसतं अशा पेशीत घालायचं आणि तिला ते भरपूर बनवू द्यायचं. मग पेशी फोडून विकर असलेली पटलं वेगळी करायची, त्यांत औषध आणि लागणारं सहविकर मिसळायचं, आणि ठरावीक वेळाने किती औषध उरलं, कोणता नवा पदार्थ तयार झाला हे मोजायचं. त्याच नळीत दुसरं औषध घातल्यावर पहिल्याचं मोडणं मंदावतं का, हेही तिथेच दिसतं.

या कामातली एक नेहमीची पेशी आहे एसएफ-९. ती आली स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या पतंगाच्या कोषातल्या अंडाशयातून. नाव अनोळखी वाटेल, कीड मात्र आपल्या चांगल्याच ओळखीची आहे. २०१८ मध्ये भारतात शिरलेली आणि पुढे आपल्या मक्याच्या पोंग्यात जाऊन बसलेली अमेरिकन लष्करी अळी ती हीच. या पेशीत माणसाचं जनुक पोचवतो तो बॅक्युलोव्हायरस, आणि त्याचाही भाऊबंद आपल्याला माहीत आहे. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी फवारतो तो एचएएनपीव्ही याच कुळातला विषाणू. अळीला लागण झाली की हा विषाणू तिच्या पेशीला एक प्रथिन प्रचंड प्रमाणात बनवायला लावतो आणि त्या प्रथिनाच्या स्फटिकांत स्वतः दडून राहतो. १९८३ मध्ये टेक्सासमध्ये मॅक्स समर्स, गेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी त्या जागी मानवी इंटरफेरॉनचं जनुक बसवून दाखवलं. पेशी पूर्वीइतकीच राबली, पण तिने बनवलं माणसाचं प्रथिन.

इथेच पहिल्या आक्षेपाचं उत्तर आहे. अळीच्या पेशीत बनलं म्हणून विकर अळीचं होत नाही. प्रथिनात कोणते घटक कोणत्या क्रमाने येणार हे जनुक ठरवतं, आणि जनुक माणसाचं आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी औषध दुकानाचा फ्रीज उघडून पाहावा. त्यात इन्शुलिन असतं. माणसाचं इन्शुलिन १९८२ पासून ई. कोलाय या जिवाणूत बनवून विकलं जातं, पुढे ते यीस्टमध्येही बनू लागलं. आपण बाळांना टोचतो ती हेपटायटिस-बीची लस यीस्टमध्ये बनते; हैदराबादच्या शांता बायोटेकने १९९७ मध्ये अशी पहिली भारतीय लस बाजारात आणली. जिवाणूत बनलेलं इन्शुलिन माणसाच्या रक्तातली साखर उतरवतं हे मंठ्यातली शेकडो घरं रोज अनुभवतात. ‘हे जिवाणूचं आहे, मला नको’ असं म्हणून कुणी ते परत केलेलं मी पाहिलेलं नाही. जे तत्त्व आपण स्वतःच्या पोटात सुई टोचून घेताना मान्य करतो, ते प्रयोगशाळेतल्या नळीपाशी नाकारायचं, याला कारण लागतं.

एक खरी अडचण आहे. पी-४५० विकर एकटं चालत नाही. त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारं रिडक्टेज हे जोडीदार विकर लागतं, काहींना सायटोक्रोम बी-५ चीही मदत लागते. ही जोडीदार मंडळी पेशीत किती आहेत यावर वेग बदलतो. संशोधकांना हे माहीत आहे. म्हणून ते जोडीदारांची जनुकंही सोबत घालतात आणि आलेला निकाल माणसाच्या यकृतातून काढलेल्या पटलांशी ताडून पाहतात. अळीच्या पेशीतला आकडा थेट गोळीच्या मात्रेत कुणी बदलत नाही.

आता दुसरा आक्षेप, अख्ख्या जनावराचा. तो ऐकायला सर्वांत समंजस वाटतो. १९५८ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी, ज्युलियस ॲक्सेलरॉड आणि सहकाऱ्यांनी हेक्सोबार्बिटल हे झोपेचं औषध निरनिराळ्या प्राण्यांना दिलं. छोटा उंदीर सुमारे १२ मिनिटं झोपला. कुत्र्याला वजनाच्या मानाने निम्मी मात्रा दिली, तरी तो पाच तासांहून अधिक झोपला. दोघंही अख्खी, जिवंत जनावरं. फरक होता तो यकृतातल्या विकरांच्या वेगात. माणूस या दोघांपैकी कुणासारखा, हे जनावराकडे कितीही वेळ पाहून कळत नाही. ते माणसाच्या विकरालाच विचारावं लागतं.

आपल्या भागात घरोघर माहीत असलेल्या रोगाचं उदाहरण घ्या. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड माणसाचं शरीर मुख्यतः ॲसिटिलेशन या क्रियेने निकामी करतं. ही क्रिया करणाऱ्या एन-ॲसिटिलट्रान्स्फरेजची जनुकं कुत्र्यात मुळी नाहीतच. म्हणजे क्षयाच्या सर्वांत जुन्या आणि महत्त्वाच्या गोळ्यांपैकी एकीचं माणसात काय होतं, हे सांगण्याची साधनंच त्या बिचाऱ्या जनावराकडे नाहीत. किंवा एसजीएक्स-५२३ पाहा. कर्करोगावरच्या या औषधाच्या माणसांवरच्या पहिल्या चाचण्या २००८ मध्ये रुग्णांची मूत्रपिंडं बिघडल्यामुळे थांबवाव्या लागल्या. माणसाच्या यकृतातलं ॲल्डिहाइड ऑक्सिडेज या औषधापासून जवळजवळ न विरघळणारा पदार्थ बनवत होतं. कुत्र्याच्या यकृतात हे विकर काम करत नाही. त्यामुळे विषारीपणाच्या चाचणीला वापरलेल्या कुत्र्याकडून इशारा मिळणं शक्यच नव्हतं.

प्राण्यांवरचे प्रयोग उद्याच बंद करा असं मी म्हणत नाही. अख्ख्या शरीरात काय घडतं याचे काही प्रश्न अजून त्यांच्याशिवाय सुटत नाहीत. पण ‘अख्खं’ आणि ‘माणसासारखं’ यांत गल्लत करू नये. भारत सरकारनेही मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशींवर आधारलेल्या आणि मानवी जीवशास्त्रावर उभ्या असलेल्या चाचण्यांना जागा दिली, ती याच अनुभवातून.

पेशीतला प्रयोग नको म्हटल्याने प्रयोग टळत नाही. तो रुग्णावर होतो, त्याच्या संमतीविना आणि कुठल्याही नोंदीविना. माझ्या मते या वादाचा गाभा हा आहे.

टर्फेनॅडिनची हकिगत त्यासाठी पुरेशी आहे. सर्दी आणि ॲलर्जीवरची, झापड न आणणारी गोळी म्हणून ती १९८५ मध्ये अमेरिकेत आली आणि प्रचंड खपली. गिळलेलं टर्फेनॅडिन सीवायपी ३ए४ पहिल्याच फेरीत जवळजवळ सगळं फेक्सोफेनॅडिनमध्ये बदलून टाकतं, आणि गुण येतो तो या फेक्सोफेनॅडिनमुळे. मूळ टर्फेनॅडिन रक्तात साचलं तर हृदयाची लय बिघडते. ते साचण्यासाठी ३ए४ ला अडवणारं काहीतरी सोबत घेतलं की पुरे: बुरशीवरचं केटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक. १९९० मध्ये एका स्त्रीच्या बाबतीत हे घडल्याचं प्रसिद्ध झालं तेव्हा गोळी पाच वर्षं बाजारात होती. कोणतं विकर जबाबदार आहे हे त्यानंतर प्रयोगशाळेत नक्की झालं. १९९८ मध्ये अमेरिकेत गोळी मागे घेतली गेली. भारतात तिच्यावर बंदी आली २००३ मध्ये. पोटाच्या तक्रारींवरच्या सिसाप्राइडचंही तेच. तेच विकर, हृदयाला तसाच धोका; अमेरिकेच्या बाजारातून २००० मध्ये गेलं, भारतात बंदी २०११ मध्ये. मधल्या ११ वर्षांत ज्याच्या चिठ्ठीवर सिसाप्राइड आणि एरिथ्रोमायसिन एकाखाली एक लिहिलं गेलं, त्या माणसावर प्रयोगच चालला होता. पेशीत दोन दिवसांत दिसणारी गोष्ट त्याच्या हृदयावर तपासली जात होती.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये कंपन्यांसाठी मार्गदर्शिका काढली: नवं औषध कोणती विकरं मोडतात आणि ते स्वतः कोणत्या विकरांना अडवतं, हे आधी नळीत पाहा. २०२४ मध्ये याच विषयावर आंतरराष्ट्रीय पातळीवरची एकसमान मार्गदर्शिका, एम-१२, पक्की झाली. लोक गमावल्यानंतर हे नियम आले. त्यांना ‘कागदी शास्त्र’ म्हणून हिणवणाऱ्यांनी ती किंमत एकदा आठवावी.

आता माझ्या विरोधकांच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा मीच मांडतो. सेरिव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलवरचं औषध ऑगस्ट २००१ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आलं. स्नायू वितळून, मूत्रपिंडं बंद पडून झालेल्या ५२ मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला होता. त्यातल्या अनेकांनी सोबत रक्तातल्या चरबीवरचं जेमफायब्रोझिल घेतलं होतं. सेरिव्हास्टॅटिन मोडणारं एक मुख्य विकर सीवायपी २सी८. नळीत मात्र जेमफायब्रोझिल २सी८ ला विशेष अडवताना दिसत नव्हतं; २सी९ ला ते जास्त अडवत होतं. शरीरात नेमकं उलट घडत होतं. म्हणजे पेशीतल्या विकराने चुकीचं सांगितलं, असा निष्कर्ष काढता येईल.

पण हे कोडं सुटलं कसं तेही पाहा. शरीर जेमफायब्रोझिलला ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देतं, आणि हा जोडपदार्थ २सी८ ला कायमचं निकामी करतो. हे सिद्ध झालं ते तो जोडपदार्थ वेगळा घेऊन मानवी यकृताच्या पटलांत आणि पेशींत व्यक्त केलेल्या, म्हणजे पेशींकडून बनवून घेतलेल्या, २सी८ वर तपासल्यावर. विकराला चुकीचा प्रश्न विचारला होता. मूळ औषधाबद्दल विचारलं, त्याच्या जोडपदार्थाबद्दल विचारलं नाही. आज मोठ्या प्रमाणात तयार होणाऱ्या अशा पदार्थांचीही तपासणी करावी लागते. पद्धतीने आपली चूक स्वतः शोधली आणि नियमात घातली. अख्ख्या जनावरावर विसंबणाऱ्या पद्धतीने कुत्र्याची उणीव अशी भरून काढलेली नाही, कारण कुत्र्यात नसलेलं जनुक कुणी नियमाने आणू शकत नाही.

दुसरी मर्यादाही मान्य करतो. रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं औषध यकृताला विकरं जास्त बनवायला लावतं. त्यामुळे सोबतची गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहावरची काही औषधं भराभर मोडली जातात आणि त्यांचा गुण उतरतो. अळीच्या पेशीत हे कधीच दिसणार नाही, कारण तिथे माणसाचं जनुक विषाणूच्या हुकमावर चालतं, रिफॅम्पिसिनच्या नाही. त्यासाठी माणसाच्या यकृताच्या पेशी वाढवाव्या लागतात, किंवा रिफॅम्पिसिनला ओळखणारा पीएक्सआर हा ग्राही घातलेल्या पेशी. रक्तप्रवाह, आतड्यातलं शोषण, रक्तातल्या प्रथिनांना औषधाचं चिकटणं या गोष्टीही एकट्या विकरात नसतात. त्या गणिताने जोडाव्या लागतात आणि शेवटी माणसांवर, त्यांच्या संमतीने, काळजीपूर्वक पडताळाव्या लागतात.

विहिरीवरची मोटर पाणी फेकेनाशी झाली की जाणता माणूस स्टार्टर, केबल, कंडेन्सर, फूटवॉल्व्ह एकेक करून तपासतो. ‘विहीर, मोटर, पाइपलाइन हे सगळं एकसंध आहे, तुकडे करून कळणार नाही’ असं म्हणत काठावर बसणाऱ्याचं पीक जळतं. शरीराच्या एकसंधपणाचा आदर करणं वेगळं आणि त्याच्या नावाने तपासणीच टाळणं वेगळं.

तिसरा आक्षेप, परदेशी जनुकांचा, मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यामागची भावना रास्त आहे. आपण आणि पाश्चात्त्य लोक औषधं सारखीच पचवत नाही. पण हे कळलं कुठून? लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातले रॉबर्ट स्मिथ यांनी १९७५ मध्ये रक्तदाबावरचं डेब्रिसोक्विन अभ्यासासाठी स्वतः घेतलं. सोबत्यांना विशेष काही झालं नाही, स्मिथ मात्र रक्तदाब घसरून कोसळले. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की काही लोकांत हे औषध मोडण्याची शक्ती जन्मतःच कमी असते. १९८८ मध्ये फ्रँक गोन्झालेझ, ऊर्स मेयर आणि सहकाऱ्यांनी त्या विकराचं जनुक शोधून माकडाच्या मूत्रपिंडाच्या कॉस पेशींत व्यक्त केलं आणि दोष कुठे आहे ते दाखवलं. आज आपण ज्याला सीवायपी २डी६ म्हणतो ते हेच. माणसामाणसातला फरक ठोसपणे हातात आला तो पेशीतल्या विकरामुळे.

आपल्या देशाचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९५६ मध्ये सुरू झालेल्या मद्रासच्या क्षयरोग केमोथेरपी केंद्राने दाखवून दिलं की काही रुग्ण आयसोनियाझिड झपाट्याने निकामी करतात, तर काही सावकाश. भारतीयांत सावकाश निकामी करणारे सुमारे ६० टक्के. आठवड्यातून एकदा औषध देण्याच्या पद्धतीत झपाट्याने निकामी करणाऱ्यांना कमी गुण येत होता. हा वेगाचा फरक का पडतो, याचं रेणूपातळीवरचं स्पष्टीकरण १९९१ मध्ये बाझलमध्ये मेयर यांच्याच गटाने दिलं, तेही कॉस पेशींतच एनएटी-२ हे ॲसिटिलेशन करणारं विकर व्यक्त करून. मद्रासच्या रुग्णांवरचं निरीक्षण आणि माकडाच्या पेशीतलं विकर एकमेकांना पूरक ठरले. आणि हे माझ्या काउंटरशी थेट जोडलेलं आहे. फिट येणारा माणूस फेनिटॉइन घेत असतो, त्याला क्षय होतो, आयसोनियाझिड सुरू होतं. आयसोनियाझिड सीवायपी २सी१९ सारख्या विकरांना अडवतं, फेनिटॉइन साचतं, माणूस झिंगल्यासारखा चालतो. घरच्यांना वाटतं, क्षयाने अशक्तपणा आला. सावकाश निकामी करणाऱ्यांत हा धोका जास्त, आणि आपल्यात तेच बहुसंख्य.

क्लोपिडोग्रेल ही हृदयविकाराच्या रुग्णांना मिळणारी गोळी घ्या. ती स्वतः निष्क्रिय असते. तिला जागं करतं मुख्यतः सीवायपी २सी१९. हे विकर काम न करणारे लोक युरोपीय वंशात २ ते ५ टक्के, भारतातल्या अनेक अभ्यासांत १० टक्क्यांच्या वर. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये तिच्या माहितीपत्रकात चौकटीत इशारा घातला. मग ‘परदेशी जनुक’ या तक्रारीवर इलाज कोणता? पद्धत टाकून देणं हा तर नक्कीच नाही. जनुकात हवा तो बदल करून आपल्या लोकांत आढळणारं विकराचं रूप पेशीत बनवता येतं, हीच तर या पद्धतीची ताकद. उंदराला मराठवाड्याचं यकृत देता येत नाही. पेशीला मराठवाड्यात आढळलेलं जनुक देता येतं. जीनोमइंडिया प्रकल्पातला १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाचा साठा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला. १९८६ च्या राष्ट्रीय पेशी-संवर्धन सुविधेतून उभी राहिलेली एनसीसीएस ही संस्था पुण्यात देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचा क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभाग पश्चिम भारतातल्या लोकांत ही विकरं कशी चालतात याचा अभ्यास करत आला आहे. साठा आहे, पेशी आहेत, जाणकार आहेत. तक्रार करणाऱ्यांनी हे तीन एकत्र आणण्याची मागणी केली असती तर मी त्यांच्या मागे उभा राहिलो असतो.

चौथा आक्षेप, निसर्गाचा. काळी मिरी आणि पिंपळीतलं पायपरिन घ्या. सुंठ, मिरे, पिंपळी यांचं त्रिकटू इतर औषधांचा गुण वाढवतं हे आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने याच धाग्यावर काम केलं, आणि त्यातून रिफॅम्पिसिनची कमी मात्रा, आयसोनियाझिड आणि पायपरिन एकत्र असलेली क्षयावरची गोळी आली. २००९ मध्ये तिला देशात परवानगी मिळाली. वाढवलेल्या आतड्याच्या पेशी आणि मानवी यकृताची पटलं वापरून दाखवलं गेलं की पायपरिन पी-ग्लायकोप्रोटीन या वाहकाला आणि सीवायपी ३ए४ ला अडवतं. म्हणजे निसर्गातला पदार्थही त्याच विकरापाशी येऊन थांबतो. गुण वाढवणारी गोष्ट धोकाही वाढवू शकते. ज्याला आपल्या परंपरेचा अभिमान आहे, त्याने तर या पेशींना सर्वांत आधी हात घालायला हवा, कारण वैद्यांनी निरीक्षणाने ओळखलेलं त्या मोजून दाखवतात.

फळांचंही तसंच. कॅनडात डेव्हिड बेली यांच्या गटाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलं की ग्रेपफ्रूटच्या रसासोबत घेतल्यास फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण सरासरी अडीचपटीहून अधिक वाढतं. त्याच अभ्यासात संत्र्याच्या रसाने काही फरक पडला नाही. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोकुमारिन्स आतड्यातल्या सीवायपी ३ए४ ला निकामी करतात, हे पुढे कॅको-२ या वाढवलेल्या मानवी आतड्याच्या पेशींत दिसलं. आपल्याकडच्या पपनसातही हे पदार्थ असतात. जालन्याची मोसंबी मात्र गोड संत्र्याच्या गटातली, भौगोलिक मानांकनही तिला त्याच नावाने मिळालं आहे. रक्तदाबाची गोळी सुरू झाली म्हणून कुणीतरी सांगितलं आणि सगळी आंबट-गोड फळं बंद केली, असे लोक माझ्याकडे येतात. मोसंबीच्या बागेत उभं राहून मोसंबीला घाबरणारा शेतकरी आणि फेलोडिपिनसारख्या गोळीसोबत बिनधास्त पपनस खाणारा शहरी माणूस, दोघांनाही नेमकं उत्तर देणारं ज्ञान पेशींतून आलं आहे. ‘नैसर्गिक’ या एका शब्दाने दोघांनाही चुकीचंच सांगितलं असतं.

हे सगळं मंठ्याला का लागतं ते सांगतो. आमच्याकडचा रुग्ण एका डॉक्टरचा नसतो. क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून, हृदयाची चिठ्ठी छत्रपती संभाजीनगरची, फिटची जालन्याची किंवा परभणीची, आणि अंगावर चट्टे आले म्हणून बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल गावातच. या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र येतात त्या पिशवीतून माझ्या काउंटरवर. ‘दादा, ह्या दोन्ही गोळ्या संगं घेतल्या तर चालतील का?’ असं एखादी माय विचारते. तिच्या सुनेच्या हृदयाची झडप बदललेली असते आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असते. फ्लुकोनॅझोल सीवायपी २सी९ ला अडवतं, त्यामुळे रक्त हवं त्यापेक्षा पातळ होऊन आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. रक्तातली औषधाची पातळी मोजायची सोय इथे नाही, क्लिनिकल फार्माकॉलॉजिस्ट इथे नाही. त्या माउलीला मी जे उत्तर देतो, डॉक्टरांना फोन लावून गोळी बदलून घेतो, ते आधी कुणीतरी, कुठेतरी, नळीत २सी९ आणि फ्लुकोनॅझोल एकत्र करून पाहिलं म्हणून देऊ शकतो. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात चूक झाली तर ती पकडणारी माणसं आणि यंत्रं असतात. इथे चूक पकडायची वेळ एकच, गोळी हातात देण्यापूर्वीची. जितकं गाव लहान, तितकं आधी मिळवलेलं ज्ञान मोलाचं.

म्हणून आक्षेप घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे: तुमचा रोख चुकला आहे. पेशींवर राग काढू नका. विचारायचंच असेल तर हे विचारा. भारतात एकाच गोळीत दोन-तीन औषधं कोंबलेली मिश्रणं विकायला परवानगी देताना, ती एकमेकांची विकरं अडवतात का याची माहिती लोकांसमोर का ठेवली जात नाही? भारतीयांत आढळणारी २सी९, २सी१९, २डी६ आणि एनएटी-२ ची रूपं पेशींत व्यक्त करून नेहमीची औषधं त्यांवर तपासण्याचं काम सार्वजनिक पैशाने का होत नाही? बाजारात विकले जाणारे वनस्पतींचे अर्क आणि चूर्णं याच विकरांवर तपासून का पाहिली जात नाहीत? आणि या सगळ्यातून आलेला इशारा औषधाच्या पाकिटातल्या पत्रकावर मराठीत, आणि औषध दुकानाच्या बिलाच्या संगणकावर दोन्ही गोळ्यांची नावं पडताच, का दिसत नाही? हे प्रश्न घेऊन जालन्याला, मुंबईला, दिल्लीला जायचं असेल तर मी तुमच्याबरोबर येईन. कारण इथे, काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसावर न सांगता प्रयोग करण्याचा अधिकार मला नाही, डॉक्टरांना नाही, कंपनीला नाही. आणि पेशीतला प्रयोग नाकारून तो अधिकार नकळत बहाल करणाऱ्या कुणालाही नाही.